बगांचं बिऱ्हाड हलवताना

मोंढ्यातल्या एका मुनीमजींनी दुकानातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं '४१२' लिहून ठेवलंय. तो भाव नाही आणि कुणाचा गाळा नंबरही नाही. आमच्या प्रोग्राममध्ये त्यांनी पकडलेल्या चुकीचा तो क्रमांक आहे. हमाली-तोलाई वजा झाल्यावर शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीच्या बेरजेत पन्नास पैसे कुठंतरी गळतात, ती चूक. दर हंगामात एकदा फोन येतो, "चारशे बाराचं काय झालं वो? अजून गळायलंय." चुका नोंदवायचा ट्रॅकर बदलायचं ठरलं तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला, की या माणसाला नवा नंबर कोण सांगणार?

आम्ही सात-आठ जण आहोत. कुणी लातूरला, कुणी परभणीला, दोघं संभाजीनगरला. आडत दुकानांसाठी हिशोबपट्टी काढणारा एक छोटा मुक्त स्रोत (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असा) प्रोग्राम आम्ही सांभाळतो. त्याचे बग, म्हणजे चुका, आधी बगझिला या ट्रॅकरमध्ये होत्या, आता गिटहबवर आहेत. गिटहब म्हणजे कोड आणि बग दोन्ही ठेवायला जागा देणारी एका कंपनीची वेबसाइट. मधल्या चार महिन्यांत जिथं जिथं हात पोळले, ते इथं लिहितोय. बहुतेक प्रकल्पांत हे काम सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. जुन्यांना कंटाळा असतो आणि नव्याला नाही म्हणता येत नाही. तुमच्यावर ती वेळ आली असेल तर खुशाल हो म्हणा. कोड फारसा येत नसला तरी यातलं निम्मं काम जमतं, आणि प्रकल्पात कोण कशावरून भांडलं होतं हे सगळं वाचून होतं, ते वेगळंच.

बग ट्रॅकर म्हणजे चुकांची नोंदवही, एवढं समजलं तरी पुरे. प्रत्येक चुकीला एक क्रमांक, ती कुणी कळवली, आता तिचं काय चाललंय, आणि खाली त्यावर झालेली बोलाचाली. बगझिला ही त्यातली जुनी वही. ती १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासाठी बनली. डेबियनचा ट्रॅकर तर अजून ईमेलवर चालतो. बग कळवायचा म्हणजे पत्र टाकायचं.

पहिली पायरी: हलवायचं कशाला, ते कागदावर उतरवा

जुनं दिसतंय, हे कारण धरू नका. वाडा जुना दिसतो म्हणून कुणी पाडत नाही. गळायला लागला, भिंतीला तडे गेले, की विचार करतात. आमची कारणं साधी होती. बगझिला ज्या मशीनवर चालायचा ते सांभाळणारा मित्र नोकरीला पुण्याला गेला. अपडेट थांबले. कोड गिटहबवर आणि बग दुसरीकडं, म्हणून प्रत्येक नव्या पोराला दोन खाती उघडावी लागायची, आणि दुसरं खातं उघडायच्या आधीच तो गायब व्हायचा.

न हलवणं हेही उत्तर असू शकतं. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पानं २०२० मध्ये कोड गिटलॅबवर (गिटहबसारखीच, पण स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येणारी व्यवस्था) नेला, पण बग बगझिलातच ठेवले. आणि हलवलं म्हणजे कायमचं सुटलो असंही नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानं २०१४ मध्ये बगझिला सोडून फॅब्रिकेटर हा दुसरा ट्रॅकर घेतला. फॅब्रिकेटर बनवणाऱ्या कंपनीनं २०२१ मध्ये काम थांबवलं, आणि मग लोकांना त्याचीच फोर्ज नावाची नवी शाखा काढून ते पुढं चालवावं लागलं.

विरोध करणाऱ्यांना आधी बोलू द्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात ट्रॅकर गिटहबवर न्यायचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला, आणि प्रत्यक्ष स्थलांतर झालं एप्रिल २०२२ मध्ये. मधल्या काळात 'आहे तोच ट्रॅकर सुधारूया' असा रीतसर प्रतिप्रस्ताव मांडला गेला. तो फेटाळला गेला. पण पुढं हलवण्याची जबाबदारी त्या प्रतिप्रस्तावाच्या लेखकांपैकीच एकाकडं आली. मला हे फार पटतं. जुन्या घरात काय काय आहे हे ज्याला ते सोडायचं नसतं त्यालाच नीट ठाऊक असतं. आमच्याकडं परभणीचा एक जण शेवटपर्यंत विरोधात होता. त्यानं काढलेली 'हे हे जाईल' ही यादीच आम्ही पुढं कामाची यादी म्हणून वापरली.

त्याच्या यादीतला पहिला मुद्दा होता, की दुसऱ्याच्या कंपनीच्या जागेत राहायला जाताय. हे खरंय. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळं इराण, सीरिया, क्रिमियातल्या लोकांच्या गिटहब खात्यांवर मर्यादा आल्या होत्या. इराणवरच्या २०२१ च्या जानेवारीत उठल्या. ज्यांना हा धोका नको असतो ते गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर बसवतात, केडीई आणि ग्नोम (हाही डेस्कटॉपचाच प्रकल्प) यांच्यासारखे. आमच्याकडं सर्व्हर सांभाळणारा माणूसच उरला नव्हता, म्हणून आम्ही गिटहब घेतलं. तुमच्याकडं असा माणूस असेल तर माझं ऐकू नका.

दुसरी पायरी: मोजदाद

जुन्या ट्रॅकरमधून सगळं बाहेर काढा आणि मोजा. नोंदी किती, कॉमेंट किती, जोडलेल्या फायली किती आणि केवढ्या, लोक किती. आमच्या ६९० च्या आसपास नोंदी निघाल्या. मधले काही क्रमांक गायबच होते, कारण चाचणीच्या नोंदी कुणीतरी डेटाबेसमधून थेट उडवल्या होत्या. हे गायब क्रमांक टिपून ठेवा, पुढं त्यांचं काम आहे.

मग जुळणीचा तक्ता करा. बगझिलात एका बगाच्या बऱ्याच अवस्था असतात: कच्चा, पक्का, कुणाकडं सोपवलेला, निकाली. आणि निकाली म्हणजे तरी काय? दुरुस्त झाला, करणार नाही, दुसऱ्याचीच नक्कल आहे, की 'आमच्याकडं तर चालतंय की'. गिटहबवर मुळात दोनच कप्पे, उघडा आणि बंद. बाकी बहुतेक लेबलांवर भागवावं लागतं. प्रत्येक जुन्या अवस्थेला एक लेबल दिलंत तर लेबलांचा बाजार भरतो. आम्ही अकरावर थांबलो, आणि त्यातलीही चार आज कुणी वापरत नाही.

बंद झालेले बग न्यायचे का, यावर आमची एक आख्खी रविवारची संध्याकाळ गेली. ग्नोमनं मुख्यतः उघडे बग नेले आणि जुना बगझिला वाचण्यापुरता ठेवला. पायथननं सगळे नेले. माझं मत, लहान प्रकल्पानं सगळे न्यावेत. उघड्या बगात तक्रार असते, पण कारण असतं ते बंद बगात. पट्टीत वजनाचा पूर्णांक आम्ही अमुकच पद्धतीनं का करतो, याचं उत्तर आमच्या कोडमध्ये कुठंच नाही. ते एका जुन्या बंद बगात आहे. तीन आडत्यांचं भांडण आणि शेवटी एका मापाड्यानं दिलेला निवाडा, सगळं तिथंच.

तिसरी पायरी: नंबर जिवंत ठेवा

इथं घाई केलीत तर पुढची पाच वर्षं शिव्या खाल.

गावाकडं एकत्रीकरणानंतर सर्वे नंबरांचे गट नंबर झाले. आजही घरातून जुनं खरेदीखत निघालं की त्यावर सर्वे नंबर असतो आणि सातबाऱ्यावर गट नंबर. मग दोन्हींची जुळणी दाखवणारा उतारा हुडकत फिरायचं. बगांचं तंतोतंत तेच होतं. कोडच्या जुन्या नोंदींमध्ये लोकांनी लिहिलेलं असतं, 'बग २३८ दुरुस्त केला'. तो मजकूर मागाहून बदलता येत नाही; बदलला तर गिटमधल्या (कोडचा इतिहास जपणाऱ्या प्रोग्राममधल्या) त्या नोंदीची आणि तिच्यानंतरच्या सगळ्या नोंदींची ओळखखूण बदलते. म्हणजे २३८ तिथं कायमचा राहणार, आणि तो उघडून दाखवणं तुमच्यावर आलं.

मोठ्यांनी यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. विकिमीडियानं जुन्या प्रत्येक क्रमांकात सरळ २००० मिळवले. जुना बग १ म्हणजे नवं काम २००१. तोंडी हिशोब, कुठला तक्ता नको. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजच्या प्रकल्पानं २०१५ मध्ये दुसऱ्यांच्या बगझिलातून स्वतःच्या बगझिलात मुक्काम हलवला, तेव्हा क्रमांक तेच ठेवून त्यांच्या आधी लागणारी तीन अक्षरं तेवढी बदलली. पायथनला हे जमणारं नव्हतं. गिटहबवर बग आणि कोडबदलाच्या विनंत्या एकाच माळेतले क्रमांक घेतात, आणि पायथनचा कोड २०१७ पासूनच तिथं असल्यानं हजारो क्रमांक आधीच खर्च झाले होते. म्हणून जुन्या बगांना नवे क्रमांक मिळाले आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडं वाट दाखवावी लागली.

आमचीही तीच अडचण होती. कोडच्या जागेत ६३ क्रमांक आधीच गेलेले. मग आम्ही फक्त बगांसाठी एक कोरी जागा उघडली. कोऱ्या जागेत क्रमांक १ पासून सुरू होतो. जुने बग क्रमानं, एकेक करून आत घातले, आणि जिथं क्रमांक गायब होता तिथं 'हा क्रमांक रिकामा' अशी एक नोंद करून लगेच बंद केली. मोजदादीत टिपलेले गायब क्रमांक इथं कामाला आले. ४१२ हा ४१२ च राहिला. कोडच्या जागेतून दुसऱ्या जागेतल्या बगाचा उल्लेख करताना थोडं जास्त टाइप करावं लागतं, पण मुनीमजींच्या कॅलेंडरवर खोडरबर फिरवायला लागला नाही.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. आयात चालू असताना त्या जागेत दुसऱ्या कुणालाही काहीही उघडू देऊ नका, नाहीतर माळेत परका मणी शिरतो. आणि गिटहबच्या आयातीच्या ज्या मार्गानं नोंदीला मूळ तारीख देता येते, तो विनंती घेऊन लगेच 'घेतली' म्हणतो. काम मागं रांगेत चालू असतं. एक नोंद खरोखर झाली याची खात्री करून मगच दुसरी सोडा. एकदम सोडल्या तर क्रम कसा लागेल याचा भरवसा नाही.

चौथी पायरी: मराठी मजकूर

इंग्रजीतल्या कुठल्याच मार्गदर्शिकेत हा भाग नसतो, म्हणून सावकाश सांगतो.

आमच्या बगांमध्ये सगळ्यांत जास्त येणारा शब्द म्हणजे 'शेतकऱ्याचे'. त्याखालोखाल 'व्यापाऱ्याचे'. दोन्हींत तो आडवा र आहे. हा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त आणि पुढं य. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. त्या अदृश्य चिन्हाला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर 'शेतकऱ्या' आणि 'शेतकर्‍या' सारखेच दिसतात, पण आतून ते दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या फोनच्या कीबोर्डवरून एक यायचा, नव्यावरून दुसरा येतो. त्यामुळं शोधल्यावर निम्मेच बग सापडतात, आणि एकच चूक तीन-तीनदा नोंदलेली असते.

आमच्या पहिल्या तालमीत स्क्रिप्टमध्ये (नोंदी हलवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) एक ओळ होती: 'न दिसणारी चिन्हं काढून टाका'. कुठूनतरी उचललेली, चांगल्या हेतूची ओळ. तिनं ते जोडचिन्ह उडवलं आणि निम्मे शेतकरी 'शेतकर्याचे' झाले. मराठीच्या तासाला आचाऱ्यास आणि आचार्यास यातला फरक शिकवतात ना, एकानं जेवण करायचं आणि दुसऱ्यानं शिकवायचं? आमच्या स्क्रिप्टनं सरसकट सगळे आचारी आचार्य करून टाकले.

दुसरा झटका याहून मोठा होता. शीर्षकं स्वच्छ करायला आम्ही पायथनची नेहमीची शब्द ओळखणारी खूण वापरली, जी अक्षरं आणि आकडे तेवढे ठेवते. तिच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरंच नाहीत. 'मोंढा' झाला 'मढ'. 'तोलाई' झाली 'तलई'. 'हमाली' झाली 'हमल', आणि संभाजीनगरच्या आमच्या उर्दू जाणणाऱ्या मित्रानं त्याचा अर्थ गर्भ असा सांगितल्यावर ती बैठक तिथंच संपली. उपाय सोपा आहे: शीर्षकाला हातच लावू नका. स्वच्छतेची फारच हौस असेल तर आधी दहा मराठी शीर्षकं हातानं निवडा, स्क्रिप्टमधून काढा आणि मोठ्यानं वाचून बघा.

लांबीचंही बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, आणि काना-मात्रा स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजल्या जातात. 'शेतकऱ्याचे' या एका शब्दाची १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. कुठं २५५ बाइटची मर्यादा असेल तर इंग्रजीला २५५ अक्षरं मिळतात आणि आपल्याला ८५ चिन्हं. त्यात मध्येच चिन्ह तुटलं तर शेवटी एक चौकोन लटकतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणखी एक गंमत आहे. त्याचा जुना 'यूटीएफ-८' प्रत्यक्षात ३ बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी त्यात मावते, बहुतेक इमोजी मावत नाहीत, कारण त्यांना ४ लागतात. आमच्याकडं व्हॉट्सॲपवरून उचलून डकवलेल्या तक्रारी बऱ्याच, आणि त्यांची सुरुवातच हात जोडल्याच्या इमोजीनं. आम्ही तालमीसाठी सगळं आधी एका मायएसक्यूएलमध्ये ओतलं, तेव्हा इमोजीपासून पुढचा मजकूर गुपचूप कापला गेला. म्हणजे जे जे नमस्कार करून आले त्यांची पाटी कोरी. मायएसक्यूएल वापरायचंच असेल तर चार बाइटवाला संच निवडा. तो वेगळ्या नावानं असतो.

राहिली ती दोन चिन्हं. गिटहबवर @ नंतर नाव आलं की त्या नावाच्या माणसाला निरोप जातो. पायथनसारख्या भाषेत @ कोडमध्येच वापरतात, त्यामुळं कुठल्यातरी परक्या माणसाला विनाकारण हाक जाते. मोंढ्यात @ म्हणजे भाव. '४० कट्टे @४५५०' असं इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या पट्ट्या आमच्या बगांत शेकड्यानं होत्या, आणि नुसत्या आकड्यांचं नाव असलेली खाती गिटहबवर असतात. कुठल्या देशातला कोण बिचारा, त्याला सोयाबीनचा भाव कळवून आपण काय मिळवणार? तसंच 'कट्टा #१२' मधला #१२ आपोआप बारा नंबरच्या बगाला जोडला जातो. असा मजकूर कोडच्या खुणेत गुंडाळला की दोन्ही प्रकार थांबतात.

पाचवी पायरी: माणसं आणि झाकलेली पानं

नव्या ट्रॅकरवर सगळ्या जुन्या कॉमेंट एकाच आयात-खात्याच्या नावानं दिसतात. म्हणून प्रत्येक कॉमेंटच्या डोक्यावर मूळ लेखकाचं नाव आणि तारीख लिहायला स्क्रिप्टला सांगा. ज्यांची नवी खाती माहीत आहेत त्यांचा तक्ता करा, पण ते नाव @ शिवाय लिहा. ईमेल पत्ते मात्र अजिबात नेऊ नका. बगझिलात खातं म्हणजे बहुतेकदा ईमेल पत्ताच, आणि तो सहसा आत आलेल्यांनाच पूर्ण दिसतो. गिटहबवर टाकला की जगाला दिसला.

झाकून ठेवलेले बग वेगळे काढा. सुरक्षेच्या चुका काही लोकांपुरत्याच दिसतात, पण डेटाबेसमधून उपसताना त्यांच्यावर झाकण नसतं. आमचे असे चार होते. त्यांच्या क्रमांकावर रिकाम्या नोंदी ठेवल्या आणि मूळ मजकूर वेगळ्या खासगी जागेत.

फोटोंकडं तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. बग दाखवायला मुनीमजी पट्टीचा फोटो पाठवतात. त्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल नंबर, कधीकधी बँकेचा खाते क्रमांकही. जुन्या ट्रॅकरवर दहा माणसं फिरकायची म्हणून चालून गेलं. आम्ही चौघांनी मिळून तीनशेच्या वर फोटो उघडून बघितले आणि निम्म्यांवर काळी पट्टी ओढली. ही खास नवख्यांची जागा आहे. चहा घ्या, बसा, रोज वीस फोटो.

आणि जे खातं उघडणारच नाहीत त्यांचं काय? मुनीमजी गिटहबवर येणार नाहीत, आणि त्यांनी यावं अशी माझी अपेक्षाही नाही. त्यांचा फोन घेणारा एक माणूस नेमा. आमच्यात तो मी.

सहावी पायरी: तालीम, आणि ती फसेल याची तयारी

आधी पन्नास नोंदी घ्या, पण सोप्या नको. सगळ्यांत लांब बोलाचालीची, सर्वाधिक फायलींची, इमोजीवाली, कोड डकवलेली, नक्कल ठरलेली, अशी दहा वात्रट पोरं आधी निवडा, बाकी कुठल्याही.

गिटहब ताशी ५००० विनंत्या घेतं, पण फार भराभर नव्या नोंदी करायला लागलात तर त्याआधीच ब्रेक लावतं. स्क्रिप्टला मध्ये थांबायला शिकवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुठपर्यंत आलो हे तिनं प्रत्येक नोंदीनंतर फाइलमध्ये लिहून ठेवलं पाहिजे. आमच्या स्क्रिप्टनं लिहिलं नव्हतं. पुढच्या, सगळ्या नोंदींच्या तालमीत रात्री साडेअकराला २१४ नोंदी झाल्या आणि लाइट गेली. इन्व्हर्टर राउटरला जोडलेला नव्हता. लाइट आल्यावर मी उत्साहानं ती पुन्हा पहिल्यापासून चालवली. जुना १ हा आता २१५ झाला आणि सगळी माळ सरकली. नोंद पुसली तरी गिटहब तो क्रमांक परत वापरत नाही, म्हणून अख्खी जागा पुसून नवी उघडावी लागली. तालीम होती म्हणून निभावलं.

सातवी पायरी: मुहूर्त

सोयाबीनची आवक चालू असताना हलवू नका. दिवाळीच्या आगेमागे आडतीवर श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि बगही तेव्हाच निघतात. आम्ही वेळा अमावस्या धरली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी सगळं शहर रानात असतं. भज्जी, आंबिल, उंडे. मोंढ्यात चिटपाखरू नसतं, त्यामुळं नवा बग यायचा प्रश्नच नव्हता. दोघं जण संगणकापाशी बसलो, बाकीच्यांनी रानातून डबा पाठवला.

क्रम असा ठेवा. आधी जुना ट्रॅकर वाचण्यापुरता करा, म्हणजे लिहिणं बंद. मग शेवटचं उपसणं, त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग आयात. आयात झाली की दोन्हींकडच्या नोंदी, कॉमेंट आणि फायली मोजून ताळा जमवा, आणि वीस नोंदी डोळ्यांनी वाचा. मगच दार उघडा. दोन्ही ट्रॅकर महिनाभर चालू ठेवूया, असं कुणीतरी सुचवेलच. ऐकू नका. दोन वह्यांत उधारी लिहिली की कुठलीच खरी राहत नाही.

त्यानंतरचं

जुन्या पत्त्यावर आलेल्याला त्याच क्रमांकाच्या नव्या नोंदीकडं वळवा. आमचे क्रमांक तेच राहिल्यानं हे एका ओळीचं काम झालं. तुमचे बदलले असतील तर तक्ता लावावा लागेल. एलएलव्हीएम या प्रोग्रामिंग-साधनांच्या प्रकल्पानं २०२१ च्या डिसेंबरात बगझिलातून गिटहबवर आल्यावर जुन्या क्रमांकांचे दुवे असेच चालू ठेवलेत. डोमेनचे पैसे मात्र भरत राहा. आमच्या प्रोग्राममध्ये 'चूक कळवा' असं बटण आहे आणि त्यात जुना पत्ता कोरलेला आहे. नव्या आवृत्तीत तो बदलला, पण मोंढ्यात चार वर्षांपूर्वीची आवृत्ती चालवणारी दुकानं आहेत, आणि ती बदलायला गेलं तर "चालायलंय की, कशाला हात लावता" असं ऐकायला मिळतं. ते बटण त्यांनी दाबलं की कुठंतरी उघडलं पाहिजे.

नव्या ट्रॅकरचीही दर महिन्याला प्रत काढून स्वतःकडं ठेवा. गूगल कोड ही प्रकल्प ठेवायची जागा २०१५ मध्ये वाचण्यापुरती झाली आणि २०१६ च्या जानेवारीत बंद पडली. तिथले प्रकल्प दुसरीकडं बिऱ्हाड घेऊन गेले. पायथनचे बगही २००७ मध्ये सोर्सफोर्ज या अशाच जागेवरून राउंडअप या ट्रॅकरवर आले होते आणि पंधरा वर्षांनी तिथूनही उठले.

जुनं मशीन लगेच मोडीत काढू नका. आम्ही ते एक पूर्ण हंगाम बंद करून कपाटात ठेवलं. दोनदा काढावं लागलं, एकदा एका फोटोसाठी आणि एकदा कापल्या गेलेल्या कॉमेंटसाठी. हंगाम संपल्यावर डिस्क नीट पुसली, कारण तिच्यात ते चार झाकलेले बग, लोकांचे ईमेल पत्ते आणि काळी पट्टी न ओढलेले सगळे फोटो होते. डबा भंगारवाल्याला दिला. डिस्क मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुसलीय, तरी देववत नाही. आणि ४१२ अजून उघडाच आहे.